अवघडलेपणाचे शास्त्रशुद्ध निर्मूलन

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेला 1750 आणि त्यानंतर दिल्लीच्या धोलपूर हाउसमध्ये होणाऱ्या मुलाखतीला 275 गुण असतात. नियमावलीत या मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हटले असून ती उलटतपासणी नव्हे, तर स्वाभाविक, मात्र हेतुपूर्वक दिशा दिलेले संभाषण असावे, अशी अपेक्षाही तेथेच नोंदवली आहे. उमेदवाराचे अवघडलेपण जावे म्हणून मंडळाचे अध्यक्ष बहुधा सविस्तर अर्जातील, म्हणजे गाव, शिक्षण, छंद आदी तपशील भरून घेतलेल्या पत्रकातील, एखादा निरुपद्रवी धागा उचलतात. परंतु पुण्याच्या सदाशिव पेठेत अभिरूप मुलाखतींचा, म्हणजे खऱ्या मुलाखतीच्या रंगीत तालमींचा, जो व्यवसाय बहरला आहे, त्याने या स्वाभाविकतेचीही घोकंपट्टी करून घेतल्यामुळे छंदाच्या रकान्यात ‘ट्रेकिंग’ लिहिणारा उमेदवार गड चढलेला नसला तरी गडाची उंची मीटरमध्ये सांगतो, आणि स्मित कोणत्या वाक्यानंतर करायचे हेही त्याला तोंडपाठ असते. (अध्यक्षांनाही हे ठाऊक असणारच, त्यांच्यापैकी काही जण तरी कधीकाळी उमेदवार होतेच.) दोन्ही बाजूंनी इतक्या परिश्रमपूर्वक साधलेल्या या अनौपचारिकतेला स्वतंत्र गुण मात्र अद्याप दिले जात नाहीत.