नुसते चार स्क्रू

लॅपटॉप बंद पडल्याची बातमी जिन्यात फुटू देऊ नये. फुटली की चहाचं आधण उतरायच्या आत ए विंगमधले काका दारात उभे. गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा, काखेत स्क्रूड्रायव्हरांचा डबा आणि तोंडी तेच: "काही नाही हो, नुसते चार स्क्रू!"

हे काका तुमच्याही सोसायटीत आहेत. कुठे बँकेतून निवृत्त झालेले, कुठे टेलिफोन खात्यातून. तेव्हा ओळख करून देत बसत नाही.

माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुकानदाराने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात एक जुना लॅपटॉप आला असता. काकांना मनापासून आनंद झाला. "बोर्ड गेला म्हणजे देह गेला. हार्ड डिस्क शाबूत आहे ना? तो आत्मा. इथून काढायचा, मेव्हण्याच्या पडीक लॅपटॉपात घालायचा. नुसते चार स्क्रू!"

चार स्क्रू हे अगदीच खोटं नाही. डिस्क ज्या पत्र्याच्या चौकटीत बसते, तिला बहुधा चारच असतात. पण तिथवर पोचायला पाठीवरचे सगळे काढावे लागतात आणि त्यातले काही रबरी पायांखाली दडलेले असतात. काकांनी ते पाय नखाने उचकटले, कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवलं. बारीक आवाज आला की "हं, क्लिप सुटली." मोठा आला की काही न बोलता हिच्याकडे चहा मागायचा. स्क्रू लांबीप्रमाणे लावले होते, आमटीच्या वाट्यांत. त्या दिवशी आमची आमटी कपातून झाली.

डिस्क निघाली साडेनऊ मिलिमीटर जाडीची. मेव्हण्याच्या लॅपटॉपातली जागा सात मिलिमीटरची. "अडीच मिलिमीटरसाठी आत्मा अडत नसतो," म्हणत काकांनी डीव्हीडी ड्राइव्ह उपसला, त्या खाचेत कॅडी सरकवली आणि तीत डिस्क बसवली. कॅडीला किती स्क्रू होते, ते सांगायला नको.

बटण दाबलं. विंडोज सेव्हनची खिडकी निम्मी उजळली आणि पडदा निळा झाला. एरर कोडच्या शेवटी सेव्हन-बी. म्हणजे विंडोज जुन्या बोर्डाचा कंट्रोलर शोधतंय आणि नव्याचा ड्रायव्हर त्याच्याकडे तयार नाही. "पूर्वजन्म आठवतोय त्याला," काका बायोसमध्ये शिरत म्हणाले. तिथे एएचसीआयचं आयडीई केलं आणि विंडोज उठलं. पण थोड्या वेळाने कोपऱ्यात ओळ उमटली, ही प्रत अस्सल नाही. लॅपटॉपबरोबर आलेला परवाना त्याच्या बोर्डाशी बांधलेला असतो. काका गंभीर झाले. "मायक्रोसॉफ्टचा पुनर्जन्मावर विश्वास नाही."

ब्रीदवाक्य लॅपटॉपपुरतं राहिलं असतं तर हरकत नव्हती. सोसायटीचा पंप, गच्चीची गळती, निवडणुकांचे निकाल, सगळं नुसते चार स्क्रू. भाचीच्या सासरी कुरबुर झाली तेव्हा समेटाच्या बैठकीत काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे, चार स्क्रू ढिले आहेत इतकंच." समेट लांबला. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम पाच एमबी, हे सांगून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "तिला मात्र चारांत भागलं नसणार." एवढी एकच माघार मी त्यांच्या तोंडून ऐकली आहे.

गुडघा बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनाही विचारलं, "चारच ना?" डॉक्टर म्हणाले, "स्क्रू नाहीत, सिमेंटने बसवतो." काकांचा चेहरा पडला. "म्हणजे पुन्हा उघडायची सोय नाही?"

माणूस वैताग आणतो, पण सी विंगमधल्या आजींसमोर हे बोलायची सोय नाही. त्यांच्या यजमानांनी गावाकडच्या आठवणी लॅपटॉपवर टाइप करून ठेवल्या होत्या. ते गेले, मागोमाग लॅपटॉपही. काकांनी डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, नातवाच्या लॅपटॉपला जोडली. फाइल उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडच्या आधीचा मजकूर. फाइल आली, फॉन्ट मागे राहिला. नातू म्हणाला, करप्ट झालंय, डिलीट करू. त्याच डिस्कच्या विंडोज फोल्डरात फॉन्ट पडलेले असणार, हे फक्त काकांना सुचलं. एकेक लावून बघत ते रात्री उशिरापर्यंत बसले होते. अक्षरं उमटली तशी त्यांनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि लॅपटॉप आजींकडे वळवला. "पुढचं तुमचं घरगुती आहे." पैशांचं विचारलं तर म्हणाले, "चार स्क्रूंचे कसले पैसे?"

अलीकडे माझ्या मुलीने नवा पातळ लॅपटॉप घेतला. काकांनी तो पालथा घालून बराच वेळ न्याहाळला, मॉडेल नंबर मोबाइलवर शोधला. साठवणीची चिप बोर्डावरच डाखलेली. देह आणि आत्मा एकजीव. "हा गेला की सगळंच गेलं," एवढंच बोलून त्यांनी डबा मिटला. चहासुद्धा मागितला नाही. कंपनीने पातळपणाची जाहिरात केली होती. ही बाब जाहिरातीत नव्हती.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी करा. लॅपटॉप चालू आहे तोवर सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. आणि नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा न विचारताच बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. ती दुसऱ्या लॅपटॉपात घातली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आजच कागदावर उतरवून ठेवा. काकांच्या डब्यात सगळ्या मापांचे स्क्रूड्रायव्हर आहेत, पण ही की नाही.