भुजंगरावांचा कफ

मिरजेच्या माणसाला दोन गोष्टी जन्मतःच येतात, अशी त्याची स्वतःची समजूत असते: सतारीची पारख आणि नाडीपरीक्षा. सतारीचं एक वेळ सोडून देऊ. पण वॉनलेससाहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून त्या गावात इतकी इस्पितळं आणि इतके डॉक्टर झाले, की उरलेल्या मिरजकरांना आपण फक्त परीक्षेला बसायचे राहून गेलो असं वाटतं. आमचे बापूकाका या उरलेल्यांतले. सगळी नोकरी वीज मंडळात, उपकेंद्रावर, शिफ्टमध्ये. जीव मात्र अडकलेला लोकांच्या छातीत.

कुणाकडे कुणी आजारी पडलं, की काकांच्या चेहऱ्यावर टवटवी येते. त्यात दुष्टपणा अजिबात नाही. उपयोगी पडायची संधी आली याचा तो आनंद असतो. फी नाही, अपेक्षा नाही आणि रोग्याची सुटकाही नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने नुसता घसा खाकरला तरी काकांचा घास हातातच थांबतो. ‘ओला की कोरडा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी खिशातून पुडी निघते. काकांची ती कापडी पिशवी आख्ख्या नात्यात प्रसिद्ध आहे: ज्येष्ठमध, लेंडी पिंपळी, वेखंड, बेहड्याची साल, सितोपलादी, भीमसेनी कापूर, ओवा आणि एक अमृतांजनची बाटली, जिच्यातलं मलम बोट लागून लागून खोल गेलेलं आहे. बहात्तर रोगांवर ही पिशवी चालते असा काकांचा दावा आहे. सर्दीला सात दिवस लागतात, काढा घेतला तर आठवड्यात जाते, हे काकूंनी चारचौघांत सांगूनही तो दावा ढळलेला नाही.

तर ही पिशवी घेऊन काका-काकू २०२२ च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे इंग्लंडात, रीडिंगला आले. नातवाच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं आणि कपाटात चार फुटी रॉयल पायथन. अमेरिकेत यालाच बॉल पायथन म्हणतात, कारण भ्याला की डोकं आत घेऊन गोळा होऊन बसतो. मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, घाना-टोगो-बेनिनकडचा. बिनविषारी, लाजाळू, आणि नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज सोबत करणारा. नातवाने त्याचं नाव ठेवलं होतं बिस्किट. काकांना ते रुचलं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्याला ‘भुजंगराव’ करून टाकलं. वर सुनेला ऐकवलं, की आपल्याकडे देशी साप घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बहात्तरचा कायदा! हा आफ्रिकेचा आहे आणि इथे चालतो, एवढं सांगून ती कामाला लागली. काकूंचं म्हणणं निराळंच होतं. ‘घरात साप ठेवतात आणि चपला मात्र बाहेर काढायला लावतात!’

इथे एक तपशील लक्षात ठेवायला हवा. इंग्लंडातल्या भिंतीवरच्या सॉकेटला आपल्यासारखंच बटण असतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते नसतं. काका अमेरिकेला गेले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर भुजंगरावांनी खाणं सोडलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ही जात कधी कधी महिनोन्‌महिने उपास करते आणि तिला काही होत नाही. पण मग श्वासाबरोबर बारीक टक-टक आवाज येऊ लागला. नाकपुडीशी एक चिमुकला फुगा यायचा आणि फुटायचा. आणि एका सकाळी ते मान उंच ताठ धरून, तोंड जरासं उघडून बसलेले दिसले. नातू रडवेला झाला. काका चष्मा पुसत पुढे झाले. काचेला कान लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि निदान दिलं.

‘कफ आहे.’

निदान बरोबर होतं, हे आधी नोंदवून ठेवतो. पण पुढचा प्रश्न ओठांवर आला आणि काका आयुष्यात पहिल्यांदा अडले. ओला की कोरडा? सापाला खोकताच येत नाही. आपल्यासारखा श्वासपटल नावाचा पडदा त्याच्या अंगात नसतो. बरगड्यांचे स्नायू हलवून तो कसाबसा हवा आत-बाहेर करतो. छातीत साठलेलं जोराने बाहेर फेकायची सोयच देवाने ठेवलेली नाही. साठलं की साठतच जातं. म्हणून तर माणसाच्या पडशासारखं हे दुखणं आपोआप जाईल म्हणून बसता येत नाही. नातवाने हे सगळं आजोबांना नीट समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि पिशवी उघडली.

डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली होती, कारण साप बघणारे पशुवैद्य विलायतेतही गल्लोगल्ली नसतात. काकांच्या हातात एक अख्खा दिवस होता. सकाळी त्यांनी तव्यावर ओवा टाकून धुरी केली. खोलीत धूर पोचायच्या आत जिन्यातला अलार्म किंचाळायला लागला आणि शेजारच्या बाई गाऊनवर दारात आल्या. दुपारी कपाटाच्या झाकणाला कापराची पुरचुंडी लटकलेली आढळली. भुजंगराव त्या टोकापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन काचेवर नाक दाबून बसले होते. सुनेने पुरचुंडी उचलून थेट घराबाहेर टाकली. आधीच फुप्फुसं भरलेल्या जिवाला धूर, कापूर, निलगिरी म्हणजे जखमेवर मीठ, हे तिने शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. संध्याकाळी पाण्याच्या भांड्यात तुळशी-आल्याचा काढा सापडला. रोग्याने तोंड लावलेलं नव्हतं. ‘कडू लागला असेल,’ काका म्हणाले, ‘मध घालायला हवा होता.’

हळद-दुधाचा विषय निघाला तेव्हा मात्र नातू आजोबांवर पहिल्यांदा ओरडला. साप दूध पीत नाही. नागपंचमीला गारुड्यांकडचे नाग पितात ते दिवसचे दिवस तहानेले ठेवलेले असतात म्हणून, आणि ते दूध वाट चुकून फुप्फुसात उतरलं की त्यानेच त्यांना न्यूमोनिया होतो. काका सांगली जिल्ह्यातले, बत्तीस शिराळ्याची नागपंचमी लहानपणी बघितलेले. ते एकदम गप्प झाले. दुधाचा पेला त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

पण सगळ्यात बघण्यासारखा प्रसंग अमृतांजनचा. त्या रात्री मी तिथे होतो. काकांनी बाटली उघडली, बोट बुडवलं आणि काचेसमोर उभे राहिले. बोट तसंच हवेत. ‘अरे,’ ते हळूच म्हणाले, ‘याची छाती कुठे संपते?’ प्रश्न गहन होता. बहुतेक सापांत उजवं फुप्फुसच काय ते कामाचं असतं. अजगरांना डावंही असतं, पण आखूड. आणि ते उजवं गळ्याच्या खालून निघून अंगात असं लांबच्या लांब पसरलेलं, की छाती, पोट, कंबर या आपल्या हद्दी तिथे लागूच होत नाहीत. काका मानेपासून शेपटीपर्यंत नजर फिरवत होते, पुन्हा उलटी फिरवत होते. शेवटी त्यांनी ते बोट आपल्याच कपाळाला लावलं आणि झोपायला गेले. जाताना वाटेतली सगळी बटणं बंद करत गेले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काका हट्टाने बरोबर गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भुजंगरावांचं तोंड हलकेच उघडून आत बॅटरी टाकली. जिभेच्या मुळाशी असलेल्या श्वासाच्या भोकाशी चिकट दोरे दिसत होते. एक्स-रे काढला. श्वासनळीत थोडं सलाईन सोडून परत ओढून घेतलं आणि ते कल्चरला पाठवलं: जंतू कोणते आणि ते कोणत्या औषधाला दबतात, हे कळल्याशिवाय अंदाजाने गोळ्या झाडायच्या नसतात. अजगरांत निडोव्हायरस नावाचा एक विषाणूही असतो, २०१४ पासून ठाऊक झालेला. त्याच्यासाठी वेगळा बोळा फिरवला. काका हे सगळं इतकं लक्षपूर्वक पाहत होते, की बाईंनी मध्येच विचारलं, ‘आपणही वैद्यकीय व्यवसायात?’ काका नुसते हसले. ‘मिरज,’ ते म्हणाले.

मग बाईंनी तापमानाची चौकशी केली. कपाटातल्या डिजिटल थर्मामीटरची नोंद मुलाच्या फोनवर येत असे. ती कुणीच बघत नव्हतं हा भाग वेगळा. मुलाने आलेख उघडून फोन टेबलावर ठेवला. काकांनी तो बघितला आणि त्यांच्यातला उपकेंद्राचा माणूस जागा झाला. त्यांनी फोन हातात घेतला.

‘हा रोगाचा ग्राफ नाही. ही सप्लाय गेल्याची कर्व्ह आहे. हे बघ, रोज रात्री अकराला सरळ खाली. बत्तीसवरून अठरा. सकाळी सहाला पुन्हा चढती. रोज! इतकं घड्याळाप्रमाणे आपोआप काही होत नाही. कुणीतरी हाताने बंद...’

आणि तिथे काका थांबले. त्या हिवाळ्यात युक्रेनच्या युद्धापायी ब्रिटनमध्ये वीज आणि गॅस इतके महाग झाले होते, की दर आवरायला सरकारला मध्ये पडावं लागलं होतं. आल्या दिवसापासून काका रोज रात्री अकराला घरभर फिरून भिंतीवरची बटणं बंद करत होते आणि सकाळी सहाला, कुणाला कळू नये म्हणून, पुन्हा चालू करत होते. सापाच्या अंगाखालची गरम चटई त्यांतल्याच एका बटणावर होती.

बाई समजावून सांगत होत्या: सापाला स्वतःची ऊब नसते, बाहेरून मिळते तेवढीच. अंग गार पडलं की पचन थांबतं, रोगाशी लढायची ताकद थांबते, औषधसुद्धा धड काम करत नाही. रोग्याला उबदार कोपऱ्यात बत्तीस, गार कोपऱ्यात सव्वीसच्या आसपास, दमटपणा साठ टक्के, आणि हे अहोरात्र. सून मान डोलावत होती, मुलगा खाली बघत होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मिरजेत शेकडो ग्राहकांचे फोन घेतलेला तो माणूस खोल आवाजात म्हणाला, ‘म्हणजे हा लोडशेडिंगने आजारी पडला.’

त्या रात्रीपासून काकांनी पिशवी मिटली आणि चार्ज घेतला. नातवाच्या खोलीबाहेर खुर्ची, अंगावर शाल, मांडीवर वही. ती वही मी वाचली आहे. उपकेंद्रावरच्या लॉगबुकाप्रमाणे पट्ट्याने रकाने आखलेले. ‘रा. २.०० : ३२ अंश. दमट ६१. टक-टक चालू.’ ‘रा. ३.०० : ३२ अंश. भुजंगराव शांत.’ ‘प. ४.०० : ३१.५. अर्धा अंश पडला. तपास केला. पाल्याखाली सेन्सर सरकलेला. दुरुस्त.’ घरातल्या एकाही माणसाच्या आजारपणात काकांनी इतका वेळ नुसतं बघत बसण्यात घालवला नव्हता. हे मला त्यांच्याबद्दल वाटणाऱ्या आदराने लिहितोय. काढा उकळण्यापेक्षा रोग्याला एकटं सोडणं किती अवघड असतं, ते खुर्चीतल्या त्यांच्या चुळबुळीवरून दिसत होतं.

औषध म्हणजे सेफ्टाझिडीमची इंजेक्शनं. डॉक्टरांनी ग्रॅममध्ये वजन करून एकेक डोस सिरिंजमध्ये भरून दिला होता, तो फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचा आणि दर बहात्तर तासांनी एक काढायचा. आकडा ऐकून काका खुलले. ‘बहात्तर हा सापांचाच आकडा! ऐंशी साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर तास बहात्तर विषारी साप घेऊन राहिले होते. कायदाही बहात्तरचा.’ काकू म्हणाल्या, ‘दुष्काळही.’ काकूंचा राग फ्रीझरवर होता. तिथे ओल्या नारळाचा चव, मटार, मोदकांची पिठी आणि भुजंगरावांचे गोठवलेले उंदीर आधीच एकत्र नांदत होते. त्यात आता सिरिंजा. ‘चुकून एखादी मोदकात जायची,’ असं त्या दर बहात्तर तासांनी म्हणत.

सुई अंगाच्या पुढच्या अर्ध्यातच टोचायची, कारण शेपटीकडचं रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळतं असं मानतात. सून टोचायची, नातू मधला भाग धरायचा आणि काकांकडे शेपूट. शेवटचे सहा इंच. ‘मला कायम शेपूटच का?’ असं त्यांनी विचारून पाहिलं. पण बढती मिळाली नाही. वाफारा म्हणून नेब्युलायझर आला तेव्हा मात्र त्यांना पुन्हा आशा वाटली. एका झाकणाच्या डब्यात भुजंगराव, डब्यात नळी, नळीतून धुकं. त्यात काय आहे म्हणून काकांनी विचारलं. नुसतं सलाईन. ‘मिठाचं पाणी?’ काकांच्या आवाजात व्यथा होती. ‘निलगिरीचा एक थेंब?’ ‘नाही, बाबा.’ ‘अर्धा?’

अहवाल आला. विषाणू नव्हता, जंतू होते आणि औषध लागू पडणारं होतं. डिसेंबर सरता सरता टक-टक बारीक झाली, मग वहीत ‘आवाज नाही’ अशी नोंद दिसू लागली. आणि जानेवारीत भुजंगराव जेवले. जन्मभर अंडंही न खाल्लेल्या काकांनी तो उंदीर स्वतः कोमट पाण्यात ऊन केला. पातेलं वरणाचं होतं. त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही.

मार्चअखेर काका-काकू मिरजेला परतले. एप्रिलात मला घसा धरून चांगलाच खोकला झाला. सवयीने काकांना फोन लावला आणि कागद-पेन्सिल घेऊन काढ्याची वाट बघत बसलो.

‘तोंड उघडं ठेवून श्वास घेतोस का?’

‘नाही.’

‘नाकातून फुगे?’

‘नाहीत, काका.’

‘मान वर करून बसावंसं वाटतं? बरं. खोलीचं तापमान किती? गार कोपरा किती? वजन कर, ग्रॅममध्ये. आणि अंदाजाने काही घेऊ नकोस. कल्चर कर आधी.’

मागून काकूंचा आवाज आला, ‘अहो, त्याला आलं-तुळस सांगा की सरळ! पोरगं खोकतंय तिकडे.’

‘खोकतोय ना?’ काका तिकडे वळून म्हणाले. ‘खोकता येतंय ना त्याला? मग काही झालेलं नाही त्याला.’