टी-शर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर निवडीची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम पुण्याच्या धायरीत गाळा घ्यावा. गाळ्याआधी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना स्टार्टअप म्हणतात; त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन नाही. धायरीच निवडण्याचे कारण म्हणजे इथे काम चहूबाजूंनी येते. नऱ्ह्याच्या कारखान्यांना कामगारांसाठी मॅटी कापडाचे कॉलर टी-शर्ट हवे असतात, वडगावच्या कॉलेजांना गॅदरिंगसाठी राउंड नेक, डीएसके विश्वातल्या क्रिकेट टीमला जर्सी आणि सिंहगड चढणाऱ्या ग्रुपला काहीही, फक्त ते काळे असावे. त्यात ऑक्टोबर 2017 मध्ये गाव महापालिकेत गेले आणि ‘भावी नगरसेवक’ ही गिऱ्हाइकांची नवी जात उदयाला आली. त्यांचा विचार उधारीच्या प्रकरणात करू.

आता पहिली पायरी. तुमच्याकडे सॉफ्टवेअर आधीपासूनच आहे, हे मान्य करावे. त्याचे नाव व्हॉट्सॲप. त्यात ऑर्डर येते ती अशी: “दादा, मागच्या वेळसारखेच 140 करा, रविवारी पाहिजेत.” मागच्या वेळी काय केले होते हे दादाला आठवत नाही, ऑर्डर देणाऱ्या गणेश मंडळालाही आठवत नाही. मग साइझ येतात. दोन जण मेसेज करतात, तिसरा वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवतो, चौथा ढोल वाजत असताना व्हॉइस नोट पाठवतो. मध्येच एक मेसेज डिलीट झालेला दिसतो. तो गुड मॉर्निंग होता की वीस डबल एक्सएल होते, हे शेवटपर्यंत कळत नाही.

डिझाइनची मंजुरी अंगठ्याने होते. नवशिक्यांनी इथे नीट लक्ष द्यावे, कारण या धंद्यातले निम्मे नुकसान त्या अंगठ्यात आहे. अंगठा कार्यकर्त्याचा असतो आणि टी-शर्ट अध्यक्ष बघतात. तेव्हा सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला रंगीत आलेख दाखवू देऊ नयेत. एवढेच विचारावे: कोणते डिझाइन, कोणत्या तारखेला, कोणी मंजूर केले आणि त्यानंतर त्यात कोणी काय बदलले, हे एका जागी दिसते का? दिसत असेल तर त्याला चहा सांगावा. नाही तर पाणी पुरे.

दुसरी पायरी साइझची. जगातली बहुतेक हिशेबाची सॉफ्टवेअरे खिळे, बिस्किटे आणि सिमेंट विकणाऱ्यांना समोर ठेवून झाली आहेत. त्यांच्या दृष्टीने टी-शर्ट म्हणजे ‘नग 140’. तुमच्या दृष्टीने तो एक तक्ता आहे: आडवे साइझ, उभे रंग. राउंड नेक, कॉलर आणि हुडी असे तीन प्रकार, प्रत्येकाचे पाच रंग, एक्सएस ते थ्री एक्सएल सात साइझ, म्हणजे 105 वेगवेगळे माल झाले. हा तक्ता एका पडद्यावर भरता आला पाहिजे. एकशे पाच नावे एकाखाली एक टाईप करायला लावणारे सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यातच बंद पडते आणि दुकानातला पोरगा पुन्हा पुठ्ठ्यावर लिहू लागतो. तिरुपूरच्या कोऱ्या टी-शर्टांचा माल येताना मीडियम-लार्ज भरपूर आणि डबल एक्सएल कमी असा आला, तर हे ऑर्डर घेतानाच कळायला हवे, छपाईच्या रात्री नव्हे.

तिसरी पायरी दराची. हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा. डेमो दाखवणाऱ्याला सांगावे, काळ्या टी-शर्टवर तीन रंगांचा लोगो, दर काढून दाखव. त्याने रंगागणिक एक म्हणजे तीनच फ्रेम धरल्या, तर त्याने स्क्रीन प्रिंटिंग फक्त व्हिडिओत पाहिले आहे. गडद कापडावर भगवा थेट मारला की तो मातकट दिसतो. खाली पांढरा बेस मारावा लागतो, तो हीटखाली सुकवावा लागतो, मग वर रंग. म्हणजे फ्रेम चार. पांढऱ्या टी-शर्टवर त्याच लोगोला तीन पुरतात. दर काढताना कापडाचा रंग न विचारणारे सॉफ्टवेअर दर काढत नाही, अंदाज सांगते, आणि अंदाज सांगायला आपण स्वतः फुकट उपलब्ध असतो.

फ्रेमचा खर्च नगांवर कसा वाटला जातो हेही त्याला कळले पाहिजे. समजा, एक फ्रेम तयार करायला 250 रुपये धरले, तर चारचे हजार. दोनशे नगांवर प्रत्येकी पाच रुपये, वीस नगांवर प्रत्येकी पन्नास. फ्रेम धुऊन झाल्यावर मंडळाचा हमखास फोन येतो, “दादा, अजून पाच लागतील, त्याच रेटने.” या पाचांवर प्रत्येकी दोनशे रुपये नुसते फ्रेमचे पडतात. हा आकडा पडद्यावर दिसला तर मुरलेला धंदेवाईक लगेच म्हणतो, डीटीएफवर काढून देतो. डीटीएफला फ्रेम नाही. फिल्मवर छापायचे, पावडर भाजायची, प्रेसने चिकटवायचे. पण तिथे हिशेब मीटरचा. साठ सेंटीमीटर रुंदीच्या रोलवर छातीचे लोगो शेजारी शेजारी किती बसतात, यावर नफा ठरतो. म्हणून सॉफ्टवेअरला दोन्ही गणिते आली पाहिजेत. भरतकामाची ऑर्डर घेत असाल तर तिसरे, टाक्यांचे.

परदेशी सॉफ्टवेअरचा मोह होईल. प्रिंटाव्हो, शॉपव्हॉक्स, डेकोनेटवर्क ही छपाईच्या धंद्यांसाठीच केलेली आहेत आणि मंजुरी, वेळापत्रक, दर हे सगळे त्यांत सुरेख असते. गिल्डनचे टी-शर्ट तिथे कॅटलॉगमधूनच घेता येतात. तिरुपूरच्या ज्या व्यापाऱ्याकडून तुम्ही माल उचलता, त्याचा कॅटलॉग मात्र त्याच्या मेहुण्याच्या फोनमध्ये आहे. शिवाय या सॉफ्टवेअरचे भाडे डॉलरमध्ये जाते आणि जीएसटीची सोय आपली आपण करायची असते.

म्हणून जीएसटीची परीक्षा वेगळी घ्यावी. अठराशे रुपयांच्या हुडीवर किती कर, असे सहज विचारावे. विक्रेता बारा टक्के म्हणाला, तर तो 22 सप्टेंबर 2025 च्या आधीच्या जगात राहतो. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के आणि वर अठरा. पुढचा प्रश्न अवघड: गिऱ्हाईक स्वतःचे टी-शर्ट घेऊन आले आणि फक्त छापून द्या म्हणाले, तर? ही टी-शर्टची विक्री नव्हे, जॉबवर्क आहे. बिलावर टी-शर्टचा 6109 नाही, जॉबवर्कचा 9988 कोड येतो, आणि ते टी-शर्ट तुमच्या स्टॉकमध्ये मोजले जाता कामा नयेत. इथे विक्रेता “सरांना विचारून सांगतो” म्हणाला तर तो प्रामाणिक आहे, त्याचा नंबर ठेवून द्यावा.

मराठीची चाचणी दोन मिनिटांची आहे, पण टाळू नये. जॉब कार्डवर ‘श्री धारेश्वर’ आणि ‘कार्यकर्ता’ टाईप करून पीडीएफ काढावी. पडद्यावर रफार जागेवर असतो आणि पीडीएफमध्ये तो शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, असे होते. शिवाय तुमच्या डिझाइनच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये अजून पुण्याच्याच श्रीलिपीचे जुने फाँट असतील, तर युनिकोडमधून कॉपी केलेले नाव तिथे चिनी दिसेल. एकशे चाळीस पाठींवर चुकलेला रफार माफ करणारे मंडळ अद्याप स्थापन झालेले नाही.

‘हुशार अंदाज’ नावाची सोय असेल तर ती बंद ठेवावी. ती गेल्या वर्षीचा ऑगस्ट बघून या वर्षीच्या ऑगस्टचा माल मागवते. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, 2025 मध्ये 27 ऑगस्टला आणि 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठामुळे, पुन्हा 14 सप्टेंबरला. संगणकाला अधिक मास शिकवणे शक्य आहे, पण अमेरिकेत कोणाला त्याची गरज पडलेली नाही. दहीहंडी आणि चतुर्थी यांत मात्र दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवसच असतात, आणि त्याच दिवसांत सगळी मंडळे आणि पथके एकदम जागी होतात. वेळापत्रकात चतुर्थी हाताने टाकता आली आणि तिथून उलटे मोजता आले, तरी पुष्कळ झाले.

उधारी: भावी नगरसेवकाच्या खात्याला मर्यादा घालता आली पाहिजे आणि ती ओलांडल्यावर जॉब कार्ड निघताच कामा नये. “साहेब, सिस्टीमच घेत नाही” हे वाक्य मालकाला स्वतःच्या तोंडाने कधीच म्हणता आले नसते. एवढ्या एका वाक्यासाठी वर्षाचे भाडे द्यायला हरकत नाही.

सर्वांत शेवटी, कोरलवर बसणाऱ्या पोराला विचारावे. भरायचे त्यालाच आहे. डेमोला त्याला पुढे बसवावे, मालकाने मागे उभे राहावे, आणि व्हॉट्सॲपवरची एक खरी, गचाळ ऑर्डर त्याच्याकडून भरून घ्यावी. तिरक्या फोटोसकट. तो दहा मिनिटांत जॉब कार्ड काढू शकला तर बोलणी पुढे न्यावीत.

करार गणपतीच्या तोंडावर करू नये. पितृपक्षात करावा. त्या पंधरवड्यात मशीन मोकळे असते, पोरगा शिकायला तयार असतो आणि खरेदी कोणीच करत नसल्यामुळे विक्रेता भावात नरम येतो. घरून कोणी हटकलेच, तर सांगावे की विकत काहीच घेतलेले नाही, महिन्याच्या भाड्यावर आहे.