लेझीममास्तर

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याने कुंभारीस गेल्यावर जी गोदूताई परुळेकर वसाहत लागते, आणि जिच्यातील 10,000 घरे 2006 साली पंतप्रधानांच्या हस्ते विडी कामगार स्त्रियांच्या स्वाधीन झाली, तेथे गणेशोत्सवाच्या तोंडावर हलगी कडाडू लागली की, गळ्यात शिटी अडकवून सर्वांवर सारखाच नाराज असलेला जो गृहस्थ दिसतो, तो लेझीममास्तर होय, हे नवख्यासही सांगावे लागत नाही. ह्या पदास नेमणुकीचा हुकूम नाही, सनद नाही, तनखा तर नाहीच. तरीही ते रिकामे राहिल्याचे कोणाच्या स्मरणात नाही.

लेझीम तो कोणापाशी शिकला, ह्याची तहकीकात केली तर असे आढळते की, लहानपणी मिरवणुकीमागून चालताना कोणा दमलेल्या इसमाने घटकाभर धरावयास दिलेली लेझीम त्याने परत केली नाही, एवढाच त्याचा दीक्षाविधी. पुढे केव्हातरी जुने मास्तर आजारी पडतात, अथवा मंडळाच्या अध्यक्षांशी त्यांचे बिनसते (हे दुसरे कारण अधिक प्रचलित आहे), आणि कोणीतरी म्हणतो, "तू दाखव की बे पोरांना!" आठ आवाजांपलीकडे ज्याची कालपर्यंत गती नव्हती, तो दुसऱ्याच संध्याकाळी 'होशियार', 'पवित्रा', 'दोरुख', 'आगे फलांग' असे हुकूम एखाद्या पेन्शनर सुभेदाराच्या जरबेने सोडू लागतो. आधी शिकावे व मग शिकवावे, हा क्रम शिक्षणखात्यात चालत असेल. नृत्याच्या प्रांतात मनुष्य शिकविता शिकविता शिकतो, आणि त्या विद्येचा खर्च शिष्यांच्या पोटऱ्यांवर पडतो.

अमेरिकेतही ह्याहून निराळे घडलेले नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1926 साली उघडलेल्या सॅव्हॉय नृत्यगृहात 'लिंडी हॉप' नावाचे जोडीचे नृत्य भरास आले. त्याचाही पाया आठ मात्रांचाच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी व्यायामप्रकार दाखवीत होते, त्या सुमारास तिकडे फ्रँकी मॅनिंग हा तरुण आपल्या जोडीदारणीस पाठीवरून पलीकडे उडवून लोकांस चकित करीत होता. पुढे संगीत बदलले, 1958 साली सॅव्हॉयही बंद झाले, आणि हा नर्तकश्रेष्ठ तीसएक वर्षे पोस्टखात्यात निमूट नोकरी करीत राहिला. 1986 साली कॅलिफोर्नियाचे दोन तरुण नर्तक त्याचा माग काढीत आले, तेव्हा 'तो नाचणारा मी नव्हे, मी पोस्टातला' असे काहीसे सांगून त्याने त्यांना वाटेला लावू पाहिले म्हणतात. अखेर तो वश झाला, आणि 2009 साली, पंचाण्णवाव्या वाढदिवसास महिना उरला असता, वारला तोपर्यंत स्वीडनपासून कोठकोठल्या लोकांना पाय टाकावयास शिकवीत राहिला. हा वृत्तांत मास्तरांच्या कानी घातला, तेव्हा त्यांनी गंभीरपणे एवढेच विचारले, "म्हणजे पोस्टाची पेन्शन लागू होती त्याला?"

लिंडी हॉपमध्ये जोडीदाराचा हात हाती असल्यामुळे चुकले कोण ह्याचा निवाडा जागच्या जागी होतो. लेझिमीत जोडीदार समोरच्या रांगेत असतो, म्हणून आरोप हलगीच्या वरताण ओरडून करावा लागतो. त्यातून मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही भाषा एकाच रांगेत नांदत असल्यामुळे 'एक, दोन, तीन' हे 'ओकटी, रेंडु, मूडु' आणि 'ओंदु, एरडु, मूरु' ह्यांच्याशी झुंजत पुढे सरकते, आणि आरोपाचे भाषांतर होईतो पुढचा आवाज येऊन ठेपतो. मुलींच्या पथकापुढे मात्र मास्तरांचा अंमल ढिला पडतो. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळणाऱ्या आयांच्या ह्या लेकी. मनगटाची सफाई त्यांच्या घरचीच. "मास्तर, हाताचं राहू द्या, पायाचं तेवढं सांगा," असे एकीने सुनावल्यापासून ते हातांविषयी मौन पाळून आहेत.

मध्यंतरी नात्यातल्या लग्नासाठी मास्तर दोन दिवस अक्कलकोटास गेले. परतून पाहतात तो, ज्याला डावा-उजवा पाय उमगत नसे असा एक शिष्य शिटी फुंकीत पवित्रा शिकवीत होता. मास्तर काही न बोलता शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि लेझीम उचलती झाली.

"मास्तर, तुमचा पाय मागं पडायलाय!" शिष्य तिकडून ओरडला.

मास्तरांनी तत्क्षणी समोरच्या जोडीदाराकडे बोट दाखविले.