आप्तपरिवारवाले आबाजी

दारव्हा, दिग्रस, नेर, घाटंजी, यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, एक आबाजी असतातच. धोतर, पांढरा कुडता, खांद्यावर दुपट्टा आणि ओसरीतल्या बंगईवर बैठक. वय विचारलं की आकडा सांगत नाहीत. "बापूजी अणे पुसदले जंगलातलं गवत कापाले गेले ना, तवा मी पाळण्यात होतो," एवढंच. तो जंगल सत्याग्रह १० जुलै १९३० चा. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आधार कार्डावर जन्मतारीख १ जुलै आहे. ती गुरुजींनी दिलेली, आणि गुरुजींनी अख्ख्या वर्गाला तीच दिली होती.

नव्वदी ओलांडेपर्यंत या माणसाने केलं काय? तर कुटुंब केलं. जिल्ह्याने वसंतराव आणि सुधाकरराव असे नाईकांच्या घरातले दोन मुख्यमंत्री दिले, पण आबाजींना सरपंचकीचीही हौस वाटली नाही. "घरातले सतरा मानसं सांभाळतो, थेच माही विधानसभा." तिथे विरोधी पक्ष नव्हता. मोठा मुलगा साठीला टेकला तरी सातबारा आबाजींच्याच नावावर, आणि कापूस कधी विकायचा हेही तेच ठरवणार. "पोट्ट्याईले आत्ता कुठं समज येऊन राह्यली," म्हणायचे. पोट्ट्यांच्या डोळ्यांना तोवर मोतीबिंदू आलेला.

घरातली सगळी शुभकार्यं पऱ्हाटीवर अवलंबून. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि आबाजींच्या मुली नेमक्या त्याच सुमाराला उपवर झाल्या. कापूस सरकारला घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. पैसे हप्त्यांनी येत. मग थोरलीचं लग्नही त्यांनी हप्त्यांनीच केलं: पहिल्यात सोनं, दुसऱ्यात मांडव आणि पंगत. शेवटचा हप्ता हाती आला तोवर थोरलीला मुलगा झाला होता, म्हणून जावयाचा कोट आणि नातवाचं झबलं एकाच दुकानातून, एकाच पावतीवर आलं. व्याह्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचाही कापूस त्याच योजनेत अडकलेला.

पण आबाजींचा खरा जीव कशात असेल तर माणसं आणण्यात आणि पोहोचवण्यात. लेकीला दिवाळीला आणायचं, भाऊबीज झाली की सोडून द्यायचं, सुनेला माहेरी पोचवायचं, धाकट्याला परीक्षेला न्यायचं. या कामी बैलबंडीनंतर त्यांची भिस्त होती शकुंतलेवर. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही अरुंद रुळांची गाडी. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने टाकलेली, आणि देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही मालकाकडेच राहिलेली. मँचेस्टरहून आलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. सायकलवाला शर्यत लावू शकेल असा तिचा वेग, तरी आबाजी लेकीला घेऊन दोन तास आधी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर हजर. कोणी हसलं की म्हणायचे, "अन् एखांद्या दिवशी टायमावर आली मंग?" आली नाही. पण त्या दोन तासांत लेक सासरचं सगळं सांगून मोकळी व्हायची, कारण घरी आईसमोर सांगता येत नसे आणि गाडीत सासरचं कोणीतरी भेटतंच. आबाजी ऐकून घ्यायचे, मधूनच "हं" म्हणायचे, आणि गाडी दिसली की कनवटीची नोट तिच्या मुठीत कोंबायचे. माझ्या मते त्यांनी आयुष्यात केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच, आणि तेही एका रेल्वेच्या आळशीपणामुळे जमलं.

शकुंतला बंद पडली, नातू पुण्याला लागला आणि आबाजींचं दैवत बदललं. आता संध्याकाळची ट्रॅव्हल्स. नातू पाठीला एक सॅक लावून निघणार, आणि आबाजी त्याच्यामागे एक पोतडी काढणार: तुरीची डाळ, जवसाची चटणी, मुंगवड्या, धापोडे. पोतडीचं तोंड ते स्वतः सुतळीने बांधत. एक गाठ मारायची, ओढून पाहायची, तिच्यावर दुसरी, आणि तिसरी दातात सुतळी धरून. दात स्वतःचे नव्हते, तरी गाठ पक्की. पुण्याला ती कात्रीशिवाय सुटली असं एकदाही झालं नाही. मग ड्रायव्हरला त्याचं गाव, तालुका, पोरंबाळं विचारून व्हायची. एकदा ड्रायव्हर मानोऱ्याचा निघाला आणि त्यांच्या साडूच्या सुनेचा चुलतभाऊ ठरला. त्याला मुंगवड्यांची वेगळी पुडी मिळाली. बस वीस मिनिटं उशिरा सुटली.

खरी यात्रा त्यानंतर. बस जाते रस्त्याने, आबाजी जातात बंगईवरून. नऊला फोन: "कारंजा गेलं का?" मग "मेहकर आलं का? जेवाले उतरू नको, गाडी निंगून जाईन." रात्री दोनला जालना. नातू झोपेत "हो" म्हणायचा, तेवढ्याने समाधान होत नसे. बाहेर काय दिसतं ते सांगावं लागे. पलीकडच्या सीटवरचे लोकही पुढे पुढे "आबाजींना सांगा, सिंदखेडराजा गेलं" म्हणू लागले. आजी आतून ओरडायच्या, "झोपा ना आता, बस तुमीच चालवून राह्यले का?"

अशा प्रेमाचा त्रासही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सुना विहिरीवर किती वेळ लागला याचा जबाब द्यायच्या, आणि नळ आल्यावर नळाचा. धाकट्याला मुंबईला नोकरी मिळत होती, "तिथं कोन हाय आपलं?" या एका प्रश्नावर ती गेली. तो अजून दारव्ह्यातच आहे आणि तो प्रश्न आता स्वतःच्या मुलाला विचारतो.

आमच्या गल्लीतले आबाजी यंदा तूर निघाल्यावर गेले. कापूस विकून झालेला, सोसायटीचं कर्ज भरलेलं, मधल्या नातीचं बाळंतपण सुखरूप पार पडलेलं. मागे कोणाला धावपळ नको, इतका विचार मरणातही. 'लोकमत' यवतमाळला साप्ताहिक म्हणून निघत होता तेव्हापासूनचे ते वाचक. सकाळी आधी निधनवार्ता उघडायचे आणि कोणाच्या मागे किती माणसं राहिली ते मोजायचे. "फक्त दोन मुलं? अन् आप्तपरिवार लहानच दिसते बाप्पा." मृताचं दुःख कमी, आकड्याचं जास्त.

त्यामुळे त्यांची पेटी उघडल्यावर सातबाऱ्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःच्याच निधनवार्तेचा मजकूर निघाला, याचं कोणाला आश्चर्य वाटलं नाही. फक्त तारखेची जागा मोकळी. पत्नी, मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडं, पणतवंडं, सगळे वयाच्या क्रमाने. जावयांत भांडण नको म्हणून त्यांची नावं लग्नाच्या क्रमाने. पुण्याच्या नातवाच्या नावापुढे 'नातसून' लिहून टिंबांची एक लांब ओळ. नातू चौतिशीचा. सगळी ओसरी त्याच्याकडे वळली. तो मोबाइल काढून उगाचच काहीतरी पाहू लागला.

मजकूर घेऊन निघालेल्या थोरल्या जावयाने शेवटी विचारलं, "या टिंबाइचं काय करू? काढू का?"

कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "राहू दे तशीच. छापून आल्यावर एखांदं स्थळ तरी येईन."