पाय टेकू नये

दुचाकीच्या पक्क्या लायसनसाठी चाचणी देणाऱ्या उमेदवाराची सर्वांत मोठी अडचण ही, की त्याला गाडी आधीच उत्तम चालवता येते. मामाच्या गावी मामाच्याच स्प्लेंडरवर तो आठवीत शिकलेला असतो, दहावीत क्लासला आईची ॲक्टिव्हा नेतो, आणि चाचणीच्या दिवशीसुद्धा आरटीओपर्यंत एकटाच गाडी हाकत येतो. वाटेत एक सिग्नलही तोडतो, कारण उशीर झालेला असतो. अशा मुरलेल्या माणसाला पाच मिनिटं नवशिक्यासारखं वागावं लागतं. तेव्हा तयारीचा मोठा भाग विसरण्याचा आहे, आणि त्याला वेळ लागतो.

आधी कायदा. गाडी चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. पालकांची संमती असेल तर १६व्या वर्षीही लायसन मिळतं, पण ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. तशी पेट्रोलची नवी गाडी आजच्या शोरूममध्ये कुणी शोधून दाखवावी, चहा आमच्याकडून. लर्निंग लायसनची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या जोरावर घरबसल्या देता येते. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. ही परीक्षा उमेदवाराने एकट्याने द्यायची असते, हे घरातल्या बाकीच्यांना आधी सांगून ठेवावं.

लर्निंग हातात आलं की निदान ३० दिवस थांबायचं, आणि सहा महिने उलटायच्या आत पक्क्या लायसनची चाचणी द्यायची. या काळात गाडीला पांढऱ्यावर लाल ‘एल’ लागतो. नियमात त्याची मापंही आहेत: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ जाड आणि तळाशी ९ रुंद. रूढ पद्धत मात्र लाल टेपचे दोन तुकडे नंबरप्लेटच्या कोपऱ्यात चिकटवण्याची आहे. त्यातला आडवा तुकडा पहिल्या पावसात गळतो आणि उरतो तो उभा एक.

खरी मौज पुढे आहे. शिकाऊ चालकासोबत लायसनधारक शिक्षक हवा, आणि तो ‘वाहनावर ताबा ठेवता येईल किंवा ते थांबवता येईल’ अशा जागी बसलेला हवा, असं नियम म्हणतो. मोटारीत हे समजतं. मोटारसायकलवर ही जागा कुठली, यावर आम्ही बराच विचार केला. पुढे टाकीवर बसवलं तर समोरचं दिसत नाही, मागे बसवलं तर ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही. व्यवहारात मागच्या सीटवर वडील बसतात आणि गाडी आवाजाने थांबवतात. “ब्रेक! अरे ब्रेक दाब, ब्रेक!” हा ताबा पुरेसा प्रभावी असतो, फक्त तो वळणाच्या ऐन मध्यावर लागू होतो. शिक्षकाखेरीज दुसऱ्या कुणाला मागे घेण्याची शिकाऊ चालकाला मुभा नाही. मैत्रिणीकडे लायसन असेल तर ती शिक्षक ठरू शकते. वडिलांना हे पटवणं ज्याचं त्याने पाहावं.

चाचणीला गाडी आपली आपण न्यायची. ॲक्टिव्हा नेलीत तर लायसन बिनगिअरचं मिळेल. बुलेट चालवायची स्वप्नं असतील तर गिअरच्या गाडीसाठी अर्ज करा आणि चाचणीलाही तीच न्या. केरळात पुष्कळ वर्षं उमेदवार बजाज एम-८०वर चाचणी देत. गिअर हातात, गाडी हलकी, चाचणीतला आठाचा आकडा सहज निघतो. उत्पादन बंद झाल्यावरही ही गाडी ड्रायव्हिंग स्कूलांनी जपून ठेवली होती. २०२४ मध्ये तिथल्या परिवहन खात्याने पायात गिअर असलेली गाडी आणा म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे इतकं नाही, पण मित्राची गाडी नेणार असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी आदल्या दिवशी पाहून घ्या. मित्राच्या गाडीची पीयूसी नेहमी मागच्या आठवड्यात संपलेली असते.

आता आठ. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता फिरायचं, एवढंच. यात अनुभवी माणसं जास्त टेकतात. वेगात गाडी आपली आपण सरळ राहते. संथ चालीत तिला चालवणारा लागतो. पहिला गिअर, अर्धा क्लच, ॲक्सिलरेटर किंचित उघडा आणि स्थिर, वेग आवरायला फक्त मागचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. ॲक्टिव्हाला क्लच नाही, तिथे डाव्या हाताचा ब्रेक अलगद धरावा. गुडघे टाकीला, कोपर सैल. आणि नजर पुढच्या चाकावर ठेवू नये. वळसा घेऊन जिथे पोचायचं तिथे ठेवावी, कारण जिकडे पाहाल तिकडे गाडी जाते. खड्डा चुकवायचा म्हणून त्याच्याकडे टक लावणारे खड्ड्यातच का जातात, हेही यातून कळावं.

सरावाला सोसायटीचं पार्किंग चालतं. दोन चपला थोड्या अंतरावर ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती घिरट्या घालायच्या. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतील, “काय रे, किल्ली पडली का?” हो म्हणू नये, त्या शोधायला येतात आणि आठात तिसरा अडथळा वाढतो.

चाचणीच्या सकाळी हेल्मेट कोपरात न अडकवता डोक्यावर घालावं आणि पट्टाही लावावा. पुण्याच्या उमेदवाराला हे वैचारिकदृष्ट्या जड जाईल, त्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध रीतसर आंदोलनं केली आहेत. तरी एक सकाळ तत्त्व बाजूला ठेवावं. आवारात शिरताच “काय काम आहे दादा?” असं आपुलकीने विचारणारा माणूस नातेवाईक नसतो. आरसे आत वळवलेले असतील तर बाहेर काढा. साइड स्टँड वर घ्या. आठ सोपा गेला तरी माणसं इथे अडकतात.

साहेबांनी हाताचे इशारे विचारले तर सगळे उजव्या हाताचे आहेत हे लक्षात असू द्या. उजवीकडे वळायचं तर हात आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच हात पसरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. वेग कमी करायचा तर तळवा खाली ठेवून हात वरखाली. अडचण अशी की ॲक्सिलरेटरही उजव्याच हातात असतो, त्यामुळे वळण्याचा इशारा देताना गाडी हळूहळू बंद पडते. म्हणून इशारे थांबलेल्या गाडीवर दाखवावेत. रस्त्यावर दाखवाल तर मागचा रिक्षावाला त्याचा अर्थ “या, पुढे या” असाच लावेल.

पाय टेकलाच तर वाद घालू नये. पुन्हा तारीख घ्यावी. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं. पास झालात तर कार्ड टपालाने घरी येतं. तिशीच्या आत काढलेलं लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. मुदत संपल्यावर वर्षभरात नूतनीकरण केलं तर पुन्हा चाचणी नसते. वर्ष उलटलं तर पुन्हा आठ काढावा लागतो, आणि तोही चाळिशीचं पोट सांभाळून. कार्डावरची शेवटची तारीख आजच मोबाइलात टाकून ठेवा.