आधी घाट, मग विमान

पुण्याहून दिल्लीचे विमान साधारण दोन तासांत पोचते. पाचगणीहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर मोटार तीन तासांत पोचली, तर चालकाचा सत्कार करावा. पसरणी घाट उतरा, खंबाटकीचा बोगदा गाठा, मग पुण्याची कोंडी. एसटी स्वारगेटला सोडते. पुढे बॅगा आणि नशीब. टॅक्सी आहे की, असे कोणी म्हणेल. आहे ना! भाडे कधीकधी विमानाच्या तिकिटाला लाजवते, पण पाचगणीतल्या निवासी शाळांच्या पालकांना ते परवडते, म्हणून सगळ्यांची सोय झाली असे आपण धरून चालतो. (हॉटेलातला वेटरही हल्ली विमानाने गावी जातो, हे कोण लक्षात घेतो?) पुरंदरला नवा विमानतळ होणार, हा दुसरा दिलासा. जरूर होवो, पण धावपट्टी जवळ आली म्हणून एसटी आपोआप तिकडे वळत नाही.